कासियानोच्या हृदयाचा पाद्रिनो

आमच्या खोऱ्यात विंचुका चावली नाही असा माणूस भेटला, तर तो खुशाल परगावचा समजावा. विंचुका म्हणजे ढेकणाची थोरली बहीण. मातीच्या भिंतींच्या भेगांत ती संसार थाटते, माणूस झोपला की खाली उतरते, गालाचं नाहीतर पापणीचं रक्त पिते आणि जाताना तिथेच घाण करून जाते. त्या घाणीतून अंगात जो रोग शिरतो त्याला डॉक्टर लोक शागास म्हणतात. आम्ही त्याला काहीच म्हणत नाही. नाव दिलं की त्याच्याकडे बघावं लागतं, आणि बघायला इथे कुणाला सवड आहे?

मी सातुर्निना. गाव मला सातुका म्हणतं. माझ्या दाराशी काठीला पांढरं निशाण दिसलं की समजायचं, आज मक्याची आंबवलेली दारू, चिचा, तयार आहे, डोकं फिरवायला या. नवरा कासियानो गावच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा. गेल्या वर्षी त्याच्या छातीत यंत्र बसवायची वेळ आली. यंत्र बसलं तर नवरा राहणार होता, नाहीतर जाणार होता. एवढीच गोष्ट. पण आमच्या लोकांनी तिचा केवढा तमाशा केला ते ऐका.

या रोगाच्या तीन पायऱ्या आहेत, आणि तिन्ही पायऱ्यांवर माणसाचं वागणं नेमकं उलटं असतं.

पहिली पायरी मी पाहिली नाही, सासूकडून ऐकली. कासियानो लहान असताना एका सकाळी त्याचा एक डोळा सुजून बंद झाला. अंगात ताप भरला, छाती धाडधाड उडायला लागली. सासूने तिथल्या तिथे निदान केलं, की पोराने इंद्रधनुष्याकडे बोट दाखवलं. वैदू आला. त्याने काळा गिनीपिग पोराच्या अंगावरून फिरवला, मग तो गिनीपिग भाजून स्वतः खाल्ला, आणि दोन-चार आठवड्यांत सूज आपोआप उतरली. वैदूचा असा नावलौकिक झाला की तो मरेपर्यंत त्याला फुकट जेवण मिळालं. त्या वेळी पोराचं अख्खं हृदय सुजलेलं होतं आणि तेव्हाच दोन महिने गोळ्या दिल्या असत्या तर रोग मुळापासून गेला असता, हे आम्हाला कळलं तेव्हा वैदू, गिनीपिग आणि सासू तिघंही देवाघरी पोचले होते.

दुसरी पायरी म्हणजे काहीच नाही. वर्षानुवर्षं काही नाही. कासियानो बटाट्याची पोती उचलायचा, ढोल गळ्यात अडकवून डोंगरावरच्या देवळापर्यंत वाजवत जायचा आणि वाजवत उतरायचा. लग्नाआधी तो शहरात एका कारखान्यात नोकरी मागायला गेला होता. तिथे रक्त तपासलं, शागास निघाला, त्याला दारातूनच परत पाठवलं. गावात येऊन सांगितलं तर शहरात जाऊन आलेल्या ज्याला त्याला हेच ऐकायला मिळालेलं. त्यांनी एकमेकांच्या नावाने एकेक वाडगा रिचवला आणि विषय संपवला. ज्या रोगाने कुणी खाटेला खिळत नाही, तो कसला रोग?

सरकार मधूनमधून फवारणीची माणसं पाठवायचं. निवडणूक जवळ आली की हमखास. ती माणसं रस्त्याकडच्या भिंती फवारायची, कारण साहेबांचा फोटो रस्त्यावरून काढायचा असे. विंचुका मागच्या भिंतीत होत्या.

तिसरी पायरी आली ती भर मिरवणुकीत. कुमारी मातेची पालखी चौकात पोचली, बँड ऐन रंगात आला आणि कासियानो ढोलासकट तोंडघशी पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. यंदा सातुकाची चिचा जबरी उतरलीय, असं म्हणत सगळे मिरवणूक सोडून माझ्या दारात. चिचा चांगलीच होती, पण कासियानोने त्या दिवशी थेंबही घेतला नव्हता. दुसऱ्यांदा तो चर्चमध्ये पापं कबूल करताना पडला. आमचे फादर म्हणाले, ओझं फार होतं बिचाऱ्यावर. तिसऱ्यांदा तो शेंगदाण्याच्या सुपाच्या वाटीत पडला, तेव्हा मात्र मी कुणाचं काही ऐकून घेतलं नाही. त्याला बसमध्ये घातलं आणि कोचाबांबा शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथे डॉक्टर हिमेना होत्या. वयाने लहान, बोलायला तुटक. त्यांनी कासियानोच्या छातीला तारा लावल्या, कागदावरच्या रेघा बघितल्या आणि मला बाजूला घेतलं. पहिल्या वेळी हृदय सगळंच्या सगळं सुजतं, म्हणाल्या. मग सूज गेल्यासारखी वाटते, पण जात नाही. आत इथे थोडी, तिथे थोडी धुमसत राहते आणि एकेक धागा जाळते. जळलेल्या मांसाचा राठ वण होतो. शेवटी ज्या वाटेने ठोक्याचा हुकूम जातो ती वाटच जळते, मग हृदय हुकुमाची वाट बघत बसून राहतं आणि माणूस पडतो. मला ते लगेच कळलं. मी रोज चुलीवर मक्याच्या कढया उकळते. वरून राख गार दिसते म्हणून हात घालणाऱ्याचं काय होतं, हे मला कुणी शिकवायला नको.

"आता गोळ्या?" मी विचारलं.

"आता गोळ्यांचा फारसा उपयोग नाही. आता ठोका देणारं यंत्र हवं. पेसमेकर. बसवण्याचं काम इथे फुकट होईल, पण यंत्र तुम्हाला आणावं लागेल, दोन्या सातुर्निना. आणि वेळ लावू नका." दोन्या म्हणजे बाईसाहेब; इस्पितळात तेवढा मान मिळाला.

आमच्या खोऱ्यात कुणी कुठलीच गोष्ट एकट्याने विकत घेत नाही. लग्नाच्या केकला एक पाद्रिनो असतो, अंगठ्यांना दुसरा, बँडला तिसरा, बिअरला चौथा. पाद्रिनोने ती वस्तू द्यायची, लोकांनी त्याचं नाव घ्यायचं आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांनी एकमेकांना कोंपाद्रे, बाई असेल तर कोमाद्रे म्हणायचं, म्हणजे सख्ख्या भावापेक्षा जवळचे. नामकरणाला पाद्रिनो, शाळा संपली की पाद्रिनो, फुटबॉलच्या संघाच्या मोज्यांनासुद्धा पाद्रिनो. मग हृदयाला का मिळू नये? मी डोक्यावर हॅट चढवली आणि दारोदार निघाले.

नाही कुणीच म्हणालं नाही, हे खरं. खाटिक इस्पितळातल्या घोंगडीचा पाद्रिनो व्हायला तयार होता, चारही कोपऱ्यांत त्याचं नाव विणून. बेकरीवाली ऑपरेशननंतरच्या केकची माद्रिना, म्हणजे बाई-पाद्रिनो, होणार होती. बँडवाल्यांनी इस्पितळाच्या दारात वाजवायचं कबूल केलं, आणि माझ्या चुलतभावाने त्या दिवशीच्या बिअरची जबाबदारी छातीवर हात मारून घेतली. यंत्राचं नाव काढलं की मात्र सगळ्यांच्या माना खाली. शेवटी खाटकानेच खरं काय ते सांगितलं.

"हे बघ सातुका, राग मानू नकोस. यंत्र जाणार कातडीखाली. मग नाव कुठे घालायचं? कुणाला दिसणार?"

घोडं कुठे पेंड खात होतं ते कळलं. जे वाचवणार होतं ते दिसणार नव्हतं, आणि जे दिसणार होतं त्याने कुणी वाचणार नव्हतं.

मग मी रिगोबेर्तो अल्माराजकडे गेले. हा माणूस बसगाड्यांचा मालक. प्रत्येक बसच्या काचेवर आधी त्याचं नाव आणि मग, जागा उरली तर, गावाचं. त्या वर्षी तो महापौरपदाला उभा होता. मागच्या खेपेला त्याने दर घराला एक नळ दिला होता. नळ चकाकत होते, पाणी अजून यायचं होतं. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, त्याला माझी कीव आली. तो फोटो कुठून काढायचा याचा विचार करत होता.

"दोन्या सातुका, यंत्र मी देतो," तो म्हणाला. "पण गुपचूप नाही. जत्रेच्या दिवशी, चौकात, सगळ्यांसमोर त्याची चल्या करायची."

चल्या आम्ही सगळ्याचीच करतो. नवा ट्रक आला, घर बांधलं, शिलाईचं यंत्र घेतलं, की त्यावर चिचा नाहीतर बिअर शिंपडायची, रंगीत कागदाचे तुकडे उधळायचे, पहिला घोट पाचामामाला, म्हणजे पायाखालच्या जमिनीला द्यायचा. कोरडी वस्तू वापरणं म्हणजे जमिनीचा अपमान. मी होकार दिला. अडला हरी गाढवाचे पाय धरी. पण डॉक्टर हिमेनांनी बजावलं होतं, तेच मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं. खोक्याच्या आत सीलबंद पाकीट आहे, ते फक्त ऑपरेशनच्या टेबलावर फोडायचं. त्याआधी फुटलं तर यंत्र मातीमोल. खोक्याला बाहेरून दोन थेंब लावा आणि मोकळे व्हा. त्याने छातीवर क्रूस काढून शपथ घेतली. पुढाऱ्याच्या शपथेवर विसंबले, इथेच मी फसले.

जत्रेच्या दिवशी चौकात मंच. मागे पोस्टर, त्यावर लाल हृदय आणि हृदयात अल्माराजचं तोंड. खाली लिहिलं होतं, 'प्रत्येक ठोक्यात तुमच्यासोबत'. कासियानोला खुर्चीत बसवून गळ्यात कागदी पट्ट्यांचे हार घातले होते. चेहरा पांढराफटक, पण ऐटीत बसला होता. गाव आपल्यासाठी जमलंय हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. अल्माराजने भाषण केलं. गरिबीवर बोलला, मातीच्या घरांवर बोलला, नळांवरही बोलला. मग खोकं वर धरलं.

गर्दीत मागे विरोधी पक्षाची माणसं उभी होती. त्यांतल्या एकाने मोठ्याने म्हटलं, "नळासारखंच आहे ते. आत काही नाही."

लोक हसले. अल्माराजचा चेहरा उतरला. आता लोकांचंही बरोबर होतं, कारण बंद वस्तूची चल्या कुणी ऐकली आहे? ट्रकची करायची तर बॉनेट उघडतात. खोक्याची चल्या केली तर आशीर्वाद पुठ्ठ्याला लागणार, असं दोन-चार म्हाताऱ्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं. मी गर्दीतून वाट काढत मंचाकडे निघाले. ओरडत होते, पण बँडने तेवढ्यात सूर धरला होता. मी पायरीवर पोचले तेव्हा अल्माराजने खोकं फाडलं होतं, पाकीट दाताने उघडलं होतं आणि ते यंत्र दोन बोटांत धरून तो सगळ्या दिशांना दाखवत होता.

"एवढंसं?" बेकरीवाली म्हणाली.

मग ते हातोहात फिरलं. खाटकाने कानाला लावून बघितलं. एकाने वजन केलं, एकाने पोराच्या गालाला लावलं, आशीर्वाद म्हणून. परत मंचावर आलं तेव्हा ते एका ताटलीत ठेवलं आणि रिवाजाप्रमाणे पहिला वाडगा मालकाच्या हातात दिला. मालक म्हणजे कासियानो. मी त्याचा हात धरला. नको, म्हटलं. तो माझ्याकडे बघून हसला. त्याला वाटलं, आनंदाने माझं भान गेलं. त्याने माझा हात हळूच बाजूला केला, थोडी चिचा जमिनीवर सांडली आणि उरलेली सगळी आपल्या यंत्रावर ओतली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वरून मूठभर लाल-निळे कागद पडले. फोटो निघाला. त्या क्षणी मला त्या चौकातल्या प्रत्येक माणसाचा द्वेष वाटला, कासियानोचासुद्धा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर हिमेनांनी ताटली समोर ओढून घेतली. अल्माराज सोबत आला होता, फोटोवाल्यासकट. तो म्हणाला, स्पिरिटने पुसून घ्या की. डॉक्टर म्हणाल्या, हे पुसून होत नाही. तो म्हणाला, तसं बघितलं तर चिचासुद्धा एक प्रकारचं स्पिरिटच आहे. डॉक्टरांनी चिमट्याने एक निळा कागद सोडवला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"हे आत घातलं तर तो हृदयाने नाही, जंतुबाधेने मरेल," त्या म्हणाल्या. "दुसरं आणा. लवकर."

बाहेर आल्यावर अल्माराज माझ्याशी अगदी भावासारखं बोलला. म्हणाला, कोमाद्रे, तुम्हीच विचार करा, अंगठीचा पाद्रिनो दुसरी अंगठी देतो का? त्याचं कर्तव्य झालं होतं. फोटो झाला होता, पोस्टर तालुकाभर लागली होती. लोकांना यंत्र दाखवून झालं होतं. आता दुसरं यंत्र दिलं तरी ते पहिल्यासारखंच दिसणार, मग देऊन काय उपयोग?

माझ्या जिभेला गाव घाबरतं, पण त्या दिवशी मी आवाज चढवला नाही.

"कोंपाद्रे," मी म्हटलं, "मतदान तोंडावर आलंय. कासियानो त्याच्या आत गेला तर मी त्याला सरळ दफनभूमीत नेणार नाही. तुमच्या एकेका पोस्टरखालून नेईन. प्रत्येक पोस्टरखाली पेटी ठेवीन आणि झाकण उघडीन. तो बँडवाला होता, खोऱ्यातला प्रत्येक बँड येईल. तुम्ही लिहिलंय ना, प्रत्येक ठोक्यात सोबत? लोकांना सोबत दिसू दे."

त्याने हॅट काढली, आत बघितलं आणि परत घातली. दुसरं यंत्र आठवड्याच्या आत आलं. ना भाषण, ना बँड. बसच्या ड्रायव्हरने दारात आणून दिलं आणि पावतीवर सही घेऊन गेला.

मी ते खोकं रंगीत फडक्यात गुंडाळून लेकरासारखं पाठीला बांधलं आणि कासियानोला घेऊन बस पकडली. वाटेत दोघीतिघींनी विचारलं, बाळ किती महिन्यांचं? मी म्हटलं, अजून व्हायचंय. कासियानो खिडकीशी डोकं टेकून बसला होता. दोनदा त्याची मान कलंडली आणि दोनदा मी त्याला हलवून शुद्धीवर आणलं. प्रत्येक वेळी मला वाटलं, आता हा परत येणार नाही. देवाला मी काय काय कबूल केलं ते देवाला ठाऊक, मी सांगणार नाही.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर त्याला चाकाच्या खाटेवर झोपवलं, सदरा काढला. डॉक्टर हिमेना आल्या, खोक्याचं सील तपासलं, मान हलवली. आणि तेवढ्यात कासियानो उठून बसला.

"याची चल्या झाली?" त्याने मला विचारलं.

"नाही. आणि होणारही नाही."

"मग मी आत येत नाही."

मी त्याला काय नाही बोलले. चल्येनेच पहिलं यंत्र गेलं, तुझ्याच हाताने गेलं, अकलेचे दिवे तिकडे जाऊन पाजळ. तो ऐकून घेत होता, पण खाटेच्या दांड्या त्याने घट्ट धरल्या होत्या.

"सातुका, माझ्या ढोलाची केली. आपल्या घराची केली. बैल घेतला तेव्हा त्याच्या शिंगांवर तूच ओतलंस," तो म्हणाला. "आणि जे माझ्या आत जाऊन राहणार, ते कोरडं? मला भीती वाटतेय गं."

इतकी वर्षं संसार केला, पण हा शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. माझा राग कुठल्या कुठे गेला. काय करावं ते मला सुचेना. पाकीट फोडलं तर तो मरणार होता आणि नाही फोडलं तर आत जाणार नव्हता.

डॉक्टर हिमेनांनी घड्याळ बघितलं नाही की आवाज चढवला नाही. त्यांनी माझ्याकडे वळून आमच्याच बोलीत विचारलं, "घर बांधायचं असतं तेव्हा आधी चल्या कशाची करतात? विटांची की जमिनीची?"

"जमिनीची," मी म्हटलं.

"मग याची जमीन ही." त्यांनी कासियानोच्या उघड्या छातीवर, गळ्याजवळच्या डाव्या हाडाखाली बोट ठेवलं. "चिचा आणलीय ना? तुम्ही बाटलीशिवाय घराबाहेर पडला असाल असं वाटत नाही. ओता इथे. नाहीतरी मी आत नेऊन सगळं औषधाने धुणारच आहे."

मी बाटली काढली. कासियानोने स्वतः खाली वाकून पहिला थेंब इस्पितळाच्या फरशीला दिला. मग मी त्याच्या छातीवर ओतली, बोटाने पसरली. तो आडवा झाला, दांड्या सोडल्या आणि म्हणाला, चला आता. नर्सने खाट आत ढकलली.

मी बाटलीला बूच लावायला लागले. डॉक्टर अजून तिथेच उभ्या होत्या. त्यांनी पांढऱ्या कोटाची वरची दोन बटणं काढली.

"दोन थेंब इथेही," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. मग त्या म्हणाल्या, त्या आमच्याच खोऱ्यातल्या, नदीपलीकडच्या गावच्या, मातीच्या घरातल्या. शिकायला लागल्यावर स्वतःचंच रक्त तपासलं तेव्हा तोच रोग निघाला. गोळ्या घेतल्या, पण उशिरा. लागू पडल्या असतील किंवा नसतील. सध्या काहीच होत नाही.

"मग कळणार कधी?"

"वीसेक वर्षांनी," त्या म्हणाल्या. "पडले तर कळेल."

दुसरी पायरी माझ्यासमोर उभी होती, धडधाकट, तरुण, कोटाला इस्त्री केलेली.  मी बाटलीत होती नव्हती तेवढी चिचा त्यांच्या गळ्याखाली ओतली. ती कोटावर ओघळली, फरशीवर सांडली. फरशी पुसणारी बाई लांबून माझ्यावर खेकसली.

डॉक्टर हिमेनांनी बटणं लावली आणि त्या हात धुवायला आत गेल्या.